चषकाचा घाट आणि चांदीची घडणावळ
(जबलपूर येथील मराठी वाचकांपुढे दिलेले व्याख्यान)



इंग्लंडमधील अठराव्या शतकातील घोड्यांच्या शर्यती आणि त्या शर्यतींत दिले जाणारे चांदीचे चषक हा आजचा विषय आहे. नर्मदेच्या काठी, मराठी मंडळींच्या सभेत हा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल आणि तो रास्तच आहे. त्याचे उत्तर व्याख्यानाच्या ओघात मिळेल अशी आशा आहे. आरंभी एवढेच सांगते की, आपल्या शाळांच्या, क्रीडामंडळांच्या आणि क्लबांच्या काचेच्या कपाटांत जे दोन मुठींचे, झाकणाचे, उंच पायाचे चषक मांडलेले असतात, त्यांतील पुष्कळांचे कुळ शोधत गेल्यास आपण याच शर्यतींच्या मैदानावर जाऊन पोहोचतो.

भाषांतर करणाऱ्याची पहिली अडचण शब्दांची असते. इंग्रजी शर्यतींच्या इतिहासात ‘किंग्ज प्लेट’ हा शब्द पदोपदी येतो. शब्दकोशातील पहिला अर्थ घेतला तर ‘राजाची थाळी’ असे भाषांतर होईल आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे जेवणाचे ताट उभे राहील. परंतु इंग्रजीत ‘प्लेट’ म्हणजे सोन्याचांदीचे भांडे, मग ते कोणत्याही आकाराचे असो. स्पॅनिश भाषेत चांदीला ‘प्लाता’ म्हणतात, त्याच गोतातला हा शब्द. राजाकडून शर्यतीला मिळणारे बक्षीस पूर्वी भांड्याच्या रूपाने दिले जाई. पुढे त्याची रोख किंमत, म्हणजे १०० गिनी, देण्याचा प्रघात पडला. भांडे गेले, पण त्याचे नाव शर्यतीला चिकटून राहिले. १७४० साली इंग्लंडच्या पार्लमेंटने किरकोळ शर्यतींना आळा घालण्यासाठी कायदा केला, तेव्हा बक्षीस किमान ५० पौंडांचे असले पाहिजे असे ठरवले. भांड्याची गणना पैशात होत होती, हे यावरून ध्यानात यावे.

आपल्या मराठीत मात्र बक्षिसाच्या भांड्याला आपण ‘चषक’ म्हणतो. संस्कृतात चषक म्हणजे मद्य पिण्याचे पात्र. आज विश्वचषकाची बातमी वाचताना कोणालाही मद्याची आठवण होत नाही. पिण्याचे भांडे केवळ पाहण्याचे भांडे झाले. भाषेने हा बदल मुकाट्याने स्वीकारला. हा बदल नेमका कसा घडला, हेच मला आज सांगायचे आहे.

त्यासाठी आपल्या घरातील दोन साधे शब्द घेऊ. एक ‘मोड’ आणि दुसरा ‘घडणावळ’. जुना दागिना किंवा जुने भांडे सोनाराकडे नेले की तो त्याचे वजन करतो, कस पाहतो आणि मोडीचा भाव सांगतो. त्यात घडणावळ धरली जात नाही. कारागिराने महिनाभर बसून केलेले उठावाचे काम असो की साधा ठोकलेला पत्रा असो, मुशीत गेल्यावर दोन्ही सारखेच. आपल्या घराघरांत आजीचा गडू मोडून नातवाची वाटी आणि पेला घडवण्याची रीत आहे. तीत अनादर नाही. चांदी हे गृहस्थाच्या अडीअडचणीचे धन होते, म्हणून ती वेळेला वितळवता येणे हाच तिचा गुण मानला गेला.

युरोपातही असेच होते. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने व्हर्सायच्या राजवाड्यासाठी चांदीचे मेज, दीपवृक्ष आणि कुंड्या घडवून घेतल्या होत्या. युद्धाचा खर्च अंगावर आला तेव्हा १६८९ साली त्याने त्या सर्व वितळवून त्यांची नाणी पाडली. इंग्लंडमध्ये याच्या उलट घडू लागले. लोक नाणी वितळवून भांडी करू लागले. ते थांबवण्यासाठी १६९७ साली भांड्यांच्या चांदीचा कस नाण्यांच्या कसापेक्षा वर नेण्यात आला, म्हणजे नाणे थेट मुशीत टाकून भांडे घडवता येऊ नये. ही सक्ती १७२० पर्यंत चालली. नंतर पुन्हा हजार भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी हे जुने प्रमाण लागू झाले. थोडक्यात, नाणे आणि भांडे ही एकाच धातूची दोन वस्त्रे होती आणि ती सहज बदलता येत असत.

अशा परिस्थितीत शर्यतीचे बक्षीस म्हणून मिळालेले भांडे टिकावे कसे? जिंकणारा ते विकणार किंवा मोडणार. ते मोडू नये असे वाटायचे असेल, तर त्यातील घडणावळ ही चांदीहून वरचढ ठरली पाहिजे. हा प्रयत्न यॉर्कशायरमधील रिचमंड या गावच्या शर्यतीच्या एका चषकात फार स्पष्ट दिसतो. साल १७६४.

या सालाकडे आपण क्षणभर थांबून पाहू. पानिपतच्या संहाराला तीन वर्षे झाली होती आणि पुण्यात माधवराव पेशवे राज्याची घडी पुन्हा बसवत होते. त्याच वर्षी १ एप्रिलला सूर्यग्रहण लागले असताना इंग्लंडमध्ये एक शिंगरू जन्मले. ग्रहणावरूनच त्याचे नाव ‘एक्लिप्स’ ठेवले गेले. पुढे तो १८ शर्यती धावला आणि एकही हरला नाही. त्याच वर्षी जर्मन विद्वान विंकेलमान याचा प्राचीन कलेचा इतिहास प्रसिद्ध झाला. रॉबर्ट अॅडम या स्कॉटिश वास्तुशिल्पीने डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरील रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या राजवाड्याच्या अवशेषांवर लिहिलेला भव्य ग्रंथही त्याच वर्षी बाहेर पडला. आणि त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला बक्सारची लढाई झाली. या शेवटच्या घटनेकडे मी पुन्हा वळणार आहे.

रिचमंडच्या चषकाचा आराखडा याच रॉबर्ट अॅडमने केला. चषक लंडनच्या डॅनिएल स्मिथ आणि रॉबर्ट शार्प यांच्या कारखान्यात घडला. त्याला ‘गोल्ड कप’ म्हणत, परंतु तो सोन्याचा नव्हे. चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेला आहे. अॅडम १७५४ ते १७५८ या काळात इटलीत राहून आला होता. त्याच्या घरांत भिंत, छत, शेगडी, गालिचा आणि मेजावरचे भांडे यांची नक्षी एकाच हाताने आखलेली असे. त्याची सुमारे ८००० रेखाटने आज लंडनच्या सोन संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत. इमारत आखणाऱ्या माणसाने भांडे आखावे, ही गोष्ट सोनारकामाच्या इतिहासात महत्त्वाची आहे.

त्याआधी, शतकाच्या मध्यापर्यंत, चांदीकामात वेगळीच आवड होती. शिंपले, लाटा, वेडीवाकडी पाने, डावी बाजू एक तर उजवी दुसरी, असा तो खेळकर डौल होता. अॅडमने तो बाजूस सारला. त्याच्या चषकाचा घाट कलशाचा आहे: खाली निमुळता, खांद्याशी भरलेला, वर झाकण. मुठींच्या जागी पंख असलेल्या स्त्री-आकृती आहेत आणि पोटावर शर्यतीची दृश्ये उठावात आहेत. दोन्ही बाजू तोलून धरलेल्या. या शैलीच्या भांड्यांवर जी नक्षी येते, तिला मराठी नावे शोधताना मला आनंद झाला. कडेवरून लोंबणाऱ्या फुलापानांच्या माळेला आपल्याकडे ‘तोरण’ हा तयार शब्द आहे. खांबाच्या उभ्या खाचांना ‘पन्हळी’ म्हणता येते. बारीक मण्यांची ओळ ही आपल्या सोनाराच्या नित्य परिचयाची. एकामागून एक येणाऱ्या लाटांची पट्टी तर आपल्या वस्त्रांच्या काठावरही दिसते. केवळ अकँथसचे पान परके राहिले; भूमध्य समुद्राच्या काठच्या त्या काटेरी झुडपाला आपल्याकडे घरगुती नाव नाही.

या शैलीला इंग्रजीत ‘निओक्लासिकल’ म्हणतात. आपण ‘नव-अभिजात’ म्हणतो. ‘अभिजात’ या शब्दाचा मूळ अर्थ चांगल्या कुळात जन्मलेला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या भाषेला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. शर्यतीच्या संदर्भात तो चांगलाच बोलका ठरतो. इंग्रजांचा शर्यतीचा घोडा म्हणजे वंशावळीचा घोडा. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडमध्ये आणलेल्या तीन पौर्वात्य घोड्यांपर्यंत त्यांची पितृपरंपरा नेली जाते आणि १७९१ साली त्यांची वंशावळ छापून निघाली. आपण ज्याला ‘जातिवंत घोडा’ म्हणतो तोच हा. जातिवंत घोड्याच्या विजयाला अभिजात घाटाचे भांडे देणे, यामागे एक विचार होता. घोड्याला कूळ आहे, मालकाला कूळ आहे, मग भांड्यालाही कूळ हवे. आणि त्याचे कूळ अथेन्स व रोमपर्यंत गेले पाहिजे.

या जुळणीत एक चमत्कारिक गोष्ट आहे. अठराव्या शतकातील युरोपीय कारागिरांनी प्राचीन कलशांचे घाट पाहिले ते मुख्यतः थडग्यांत. नेपल्समधील ब्रिटिश वकील सर विल्यम हॅमिल्टन याने दक्षिण इटलीतील थडग्यांतून निघालेली रंगवलेली मातीची भांडी जमवली, त्यांची चित्रे ग्रंथरूपाने छापवली आणि १७७२ साली तो संग्रह ब्रिटिश म्युझियमने ८,४०० पौंडांना घेतला. कुंभार, सोनार, ओतारी या सर्वांनी त्या चित्रांवरून घाट उचलले. मृताच्या सोबत पुरलेले भांडे विजेत्याच्या हाती द्यावे, हे आपल्या मनाला रुचत नाही. आपल्याकडे नर्मदेवर अस्थिकलश आणतात. १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचा काही भाग येथील तिलवारा घाटावरच विसर्जित झाला. मंगल कलश आणि अस्थिकलश यांचा घाट एकच असला तरी त्यांची सरमिसळ आपण करत नाही.

परंतु ग्रीकांच्या दृष्टीने या दोहोंत दुरावा नव्हता. होमरच्या ‘इलियड’मध्ये पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीच्या वेळी रथांची शर्यत होते. तेथे पाचव्या क्रमांकाचे बक्षीस दोन मुठींचे, कधी विस्तवावर न चढवलेले भांडे आहे. ते कोणी जिंकत नाही, म्हणून अकिलीस ते शर्यतीत न उतरलेल्या वृद्ध नेस्टरला देतो, आणि देताना ही मृत मित्राची आठवण म्हणून ठेव असे सांगतो. स्पर्धेचे भांडे हे स्मृतीचे भांडे आहे, ही कल्पना तेथे आहे. अथेन्सच्या पुढील काळातील क्रीडोत्सवात विजेत्याला तेलाने भरलेले मातीचे रांजण मिळत. रथाच्या शर्यतीत तर शंभरांहून अधिक रांजण देत. रांजणाच्या एका अंगाला देवी अथेना आणि दुसऱ्या अंगाला ज्या खेळात विजय मिळाला त्याचे चित्र. किंमत तेलाला होती; तेल संपले, विकले गेले. चित्र असलेली माती मात्र अडीच हजार वर्षे टिकली, कारण मातीला मोडीचा भाव नसतो.

आता हा चषक घडवणाऱ्या हातांकडे वळू. चांदीचा पत्रा हातोडीने ठोकत ठोकत वर उचलावा लागतो. ठोकल्याने चांदी कडक होते, म्हणून ती पुनःपुन्हा तापवून मऊ करावी लागते. मुठी आणि मूर्ती वेगळ्या ओतून झाळाव्या लागतात. मग छिन्नीने बारीक काम. शेवटी मुलामा. त्या काळी सोने पाऱ्यात कालवून भांड्यावर लेपत आणि भांडे विस्तवावर धरत. पारा उडून जाई, सोने राही. उडालेला पारा मुलामा देणाऱ्याच्या फुप्फुसांत जाई. हात थरथरणे, दात पडणे, भ्रम होणे हे त्या धंद्याचे ठरलेले भोग होते. आपल्याकडील मुलामेवाल्यांनाही ते चुकले नाहीत. चषकाच्या तळाशी जो ठसा असतो तो कारखान्याच्या मालकाचा. हातोडी मारणाऱ्याचे आणि पारा हुंगणाऱ्याचे नाव तेथे नसते. भाषांतर करताना ‘स्मिथ आणि शार्प यांनी घडवला’ असे वाक्य लिहावे लागते. त्यातील ‘घडवला’ हे क्रियापद किती माणसांचे आहे, हे वाचकाने मनात धरावे.

आणि हा खर्च करणारे कोण? रिचमंडजवळील आस्क येथील मोठी मालमत्ता १७६३ साली सर लॉरेन्स डंडास याने विकत घेतली. तो अॅडमचा मोठा आश्रयदाता होता. सात वर्षांच्या युद्धात सैन्याला रसद पुरवून त्याने अफाट पैसा मिळवला होता आणि लोक त्याला ‘उत्तरेचा नबाब’ म्हणत. ‘नबाब’ हा शब्द तेथे पोहोचला कोठून, हे आपल्याला सांगायला नको. १७६४ साली बक्सारला ईस्ट इंडिया कंपनी जिंकली. १७६५ साली तिला बंगालची दिवाणी मिळाली. तोपर्यंत हिंदुस्थानातील कापड खरेदी करण्यासाठी कंपनीला युरोपातून चांदी आणावी लागे. आता बंगालच्या महसुलातूनच बंगालचा माल घेता येऊ लागला आणि चांदी पाठवण्याची गरज एकदम कमी झाली. रिचमंडच्या चषकातील चांदी बंगालची होती असे कोणी म्हणू नये. त्या काळी युरोपात येणारी चांदी मुख्यतः मेक्सिको आणि पेरूच्या खाणींतून, तेथील मूळ रहिवाशांच्या कष्टांतून येत असे. मात्र ज्या समाजाला चांदी वितळवण्याची गरज पडत नाही, तोच तिचा घाट जपू शकतो. घडणावळीला मोडीवर मात करू देणे ही संपन्नतेची चैन होती, आणि ती संपन्नता कोठून आली हा प्रश्न कलेच्या इतिहासातून वगळता येत नाही.

पुढे ही चैन स्वस्त झाली. लाटण यंत्रातून निघालेला पातळ पत्रा आणि पोलादी ठशांनी उठवलेली तोरणे यांमुळे शेफिल्ड व बर्मिंगहॅम येथे असे चषक झपाट्याने निघू लागले. या दोन्ही गावांना १७७३ साली चांदीचा कस तपासण्याची स्वतःची कचेरी मिळाली. सेंट लेजर १७७६, ओक्स १७७९, डर्बी १७८० अशा मोठ्या शर्यती याच सुमारास सुरू झाल्या. डर्बीच्या दुसऱ्या वर्षी, १७८१ साली, जबलपूर सागरच्या मराठ्यांच्या हाती आले. आपले शिलेदार घोड्याची पारख करत ती मजल मारण्यासाठी. भीमथडीचा काटक तट्टू हा त्या पारखीचा मानबिंदू. मर्द गड्याला आपल्याकडे सोन्याचे कडे देत, शिरपाव देत. बक्षीस अंगावर ल्यायचे असे, कपाटात ठेवायचे नसे.

कपाट आले ते इंग्रजांबरोबर. मद्रासजवळ गिंडी, मुंबईत भायखळा आणि पुण्याचा कँप येथे शर्यती रुजल्या. १८८३ साली महालक्ष्मीचे मैदान सुरू झाले. चषक घडवण्याचे काम कलकत्त्यातील हॅमिल्टन आणि मद्रासमधील ऑर यांसारख्या पेढ्यांना मिळू लागले. आणि १९४७ साली एक विलक्षण गोष्ट घडली. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी दोन वर्षांपूर्वी २८,००० गिनींना एक शिंगरू घेतले होते. त्याला त्यांनी आपल्या आजोबांचे, सयाजीरावांचे, नाव दिले. देश स्वतंत्र झाल्यानंतर महिन्याभरातच ‘सयाजीराव’ने डॉन्कास्टरची सेंट लेजर जिंकली. अठराव्या शतकातील अभिजात शर्यतीच्या विजेत्यांच्या यादीत एक मराठी नाव कोरले गेले. ज्या सयाजीरावांनी सक्तीचे शिक्षण आणि गावोगावी ग्रंथालये सुरू केली, त्यांचे नाव इतक्या खर्चाच्या घोड्याला द्यावे का, हा प्रश्न मात्र प्रत्येकाने आपापल्या मनाशी सोडवावा.

खेळ बदलले तरी घाट राहिला. १९३४ साली सिमल्याच्या बैठकीत रणजी करंडकाचा जो आराखडा पुढे आला, तो ग्रीक कलशाच्याच घाटाचा होता. तोच करंडक २०२२ च्या जूनमध्ये मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून प्रथमच जिंकला. रोमजवळ हेड्रियनच्या प्रासादात १७७१ च्या सुमारास तुकड्यांच्या रूपाने सापडलेला संगमरवरी वॉरिक कलश आज ग्लासगोला आहे. त्याच्या चांदीच्या प्रतिकृती एकोणिसाव्या शतकात शर्यतींतून वाटल्या गेल्या आणि ऑस्ट्रेलियन टेनिसचा पुरुषांचा चषक आजही त्याच घाटाचा आहे. आपण मात्र एका ठिकाणी स्वतःचा घाट सोडला नाही. महाराष्ट्र केसरीला चांदीची गदा मिळते. मल्लाच्या खांद्यावर ती शोभते, तिचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. परक्या घाटाचा चषक वाईट आणि आपली गदा चांगली असे मला म्हणायचे नाही. घाटाला अर्थ असतो, आणि तो माहीत असल्यावाचून घाट उचलला की उरते ती केवळ नक्कल, एवढेच माझे म्हणणे आहे.

शेवटी एक विनंती. संस्थांचे जुने चषक जागा अडवतात, काळवंडतात आणि एखाद्या दिवशी मोडीत निघतात. तसे करण्यापूर्वी ते उलटे करून पाहावेत. तळाशी सिंह, बिबट्याचे मस्तक, सालाचे अक्षर आणि मालकाची आद्याक्षरे आढळली, तर ती इंग्लंडमध्ये कस लागलेली चांदी आहे. ‘ई. पी. एन. एस.’ ही अक्षरे असतील, तर निकेलमिश्रित धातूवर विजेच्या साहाय्याने चढवलेला चांदीचा पातळ थर एवढेच ते आहे. जोराने घासल्यास तोही जाईल. अशा चषकाला मोडीचा भाव जवळजवळ नाही. त्यावर कोरलेली नावे, साले आणि खेळ हेच त्याचे मोल. ती नावे एका वहीत उतरवून ग्रंथालयात ठेवावीत. वजन करणारा काटा सोनाराकडे आहे. घडणावळीची नोंद ठेवण्याचे काम वाचकाचे आणि लिहिणाऱ्याचे आहे.